जहाजावर पाणी कधी येतं?

जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावरची केबिन सगळ्यात कमी हलते.

मुकुंदवाडीत नळाला पाणी आलं की गल्लीत आधी मोटारींचा आवाज येतो, मग बायकांचा.

दौलताबादच्या घाटात सीताफळं विकणाऱ्या बायका फळ दाबू देत नाहीत. "हात नका लावू, डोळ्यांनी घ्या," म्हणतात.

परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत सहा महिने तरी उरलेली असावी लागते.

उस्मानपुऱ्यातल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर चष्म्याचं दुकान आहे. सोमवारी बंद असतं.

मेघानं समुद्र पाहिलेला नव्हता.

*

त्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर, मेघा एका टूर्सच्या ऑफिसात बसायची. मालक श्रीधर सर बहुतेक वेळ यात्रेच्या गाड्यांबरोबर बाहेर. त्यामुळं खुर्ची, फोन, कुरकुरणारा पंखा आणि भिंतीवरचं ते पांढरंशुभ्र जहाज, सगळं तिच्या ताब्यात. जहाजाचं पोस्टर मुंबईच्या मोठ्या एजंटानं पाठवलेलं. लोक यायचे आणि त्या जहाजाखाली बसून बालाजीचं विचारायचे.

एका दुपारी दारात एक तरुण घुटमळला. आत यावं की नाही... अशा विचारात. मग पोस्टरकडं त्यानं डोळे बारीक करून पाहिलं. मेघाला वाटलं, भाव वाचून बारीक झाले.

"बसा ना, सर."

तो बसला. खिशातून रुमाल काढला, परत ठेवला.

"हे... जहाज."

"क्रूझ. सिंगापूरहून निघते. ऑल इन्क्लुझिव्ह आहे."

"म्हणजे काय-काय येतं त्यात?"

"सगळं."

"सगळं म्हणजे?"

हा प्रश्न मेघाला आवडला. 'सगळं' म्हटलं की लोक नुसती मान डोलावतात आणि भांडायला नंतर येतात. ती खुर्ची पुढं ओढून सांगायला लागली. राहणं, जेवण, सरबतापासून वाइनपर्यंतची पेयं, वेटरची टिप, इंटरनेट, संध्याकाळचे कार्यक्रम – हे आत. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा – हे बाहेर. किनाऱ्यावर उतरून फिरायचं तर काही सहली आत, काही बाहेर. कुठली कशात, ते आधीच लेखी घ्यायचं. मसाज बाहेर.

"म्हणजे सगळं नाही," तो म्हणाला.

"सगळं कुठंच नसतं, सर."

तो हसला. हसताना त्याचे डोळे आणखी बारीक झाले. "आईला विचारून येतो," म्हणाला आणि जिना उतरून गेला. 'आईला विचारून येतो' म्हणणारं गिऱ्हाईक परत येत नसतं. मेघानं पंखा एकनं वाढवला.

*

तो परत आला. या वेळी चष्मा लावून.

नाव सम्यक. वाळूजच्या कारखान्यात क्वालिटीत होता, राहायला बजाजनगरला. आई गीताबाई, नुकत्याच नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या.

"तिचं माहेर वैजापूरकडचं," तो म्हणाला. "टँकरच्या रांगेत मोठी झालीय. एकदा तिला असं पाणी बघायचंय, ज्याला नंबर लावायला लागत नाही."

मेघानं भिंतीवरच्या जहाजाकडं पाहिलं. त्याच्या खालची निळाई आजवर तिला पोस्टरचा रंग वाटायची.

"आईनं एक विचारलंय." त्यानं घसा साफ केला. "जहाजावर पाणी कधी येतं?"

दुसऱ्या गावात यावर कुणी हसलं असतं. मेघा हसली नाही. "चोवीस तास."

"रोज?"

"रोज. समुद्राचंच गोड करून घेतात."

"कमाल आहे राव. तुमच्याकडं कधी असतं पाणी?"

"मुकुंदवाडीला? शनिवारी. त्याचा मूड असला तर. तुमच्याकडं?"

"आमच्याकडं एमआयडीसीचं. दिवसाआड येतं." आणि मग, उगाचच, टेबलावरच्या स्टेपलरकडं बघत, "प्रेशर चांगलं असतं."

*

"चहा मिळतो का, की नुसतं गरम पाणी आणि पुडी?"

"पुडी."

"मग आई यायची नाही."

"थांबा हो! दूध उकळून, आलं घालून देतात. आधी सांगून ठेवावं लागतं. मी सांगते."

*

"रात्री जेवायला कोट लागतो म्हणे?"

"एखाद्या संध्याकाळी. आईंचं सोपं आहे, साडी कुठंही चालते. कोट तुम्हाला."

"माझ्याकडं एकच आहे. भावाच्या लग्नातला. जांभळा."

"मग तो फोटो मलाही पाठवा."

बोलून झाल्यावर मेघाला कळलं की हे गिऱ्हाइकाशी बोलायचं वाक्य नव्हे. तिनं पटकन कीबोर्डवर काहीतरी टाइप केलं. संगणक बंद होता. त्याला ते दिसलं... आणि दिसलं नाही असं त्यानं दाखवलं. तेवढ्यासाठी तो तिला जरा जास्तच आवडला.

*

"बोट लागली तर?"

"आधी लागते का ते बघा. शेवटच्या सीटवर बसा, खुलताबादच्या एसटीत. दौलताबादचा घाट चढून उतरा. ज्याला एसटी लागत नाही त्याला जहाज काय लागणार?"

हे तिनं कुठं वाचलेलं नव्हतं; सुचलं ते सांगितलं. पण क्वालिटीतला माणूस, चाचणी म्हटली की त्याला राहवत नाही. पुढच्या खेपेला तो आला तो सीताफळांची पिशवी घेऊन.

"काय झालं मग?"

"आईनं घाटात चिवडा खाल्ला. शेजारच्या बाईला पाककृती सांगितली."

"आणि तुम्ही?"

"मी..." त्यानं चष्मा काढून पुसला. "आईजवळ लिंबू होतं म्हणून निभावलं."

मेघा टेबलावर डोकं टेकवून हसली. मग डोळे पुसून कामाच्या आवाजात म्हणाली, "तर मग मधली केबिन घ्या. खालच्या मजल्यावर. बाल्कनीचा हट्ट करू नका."

सीताफळ तिनं ऑफिसातच फोडलं. डोळ्यांनी घेतलेलं होतं, तरी आतून पिकलेलं निघालं.

*

आता अडचण सांगितली पाहिजे.

मोसमाआधीचं भाडं शुक्रवारपर्यंतच होतं. त्याच भाड्यात त्या मधल्या केबिनी मिळणार होत्या. मेघानं मनात आणलं असतं तर बुकिंग सोमवारीच झालं असतं. माय-लेकाचे कोरे पासपोर्ट तयारच होते. पण बुकिंग झालं की हा माणूस हा जिना कशाला चढेल?

म्हणून ती अर्धी उत्तरं द्यायला लागली. "व्हिसाचं उद्या सांगते." "विम्याचं सरांना विचारते." उत्तरं तिला तोंडपाठ होती. आणि तोही मुकाट्यानं उद्या यायचा. मोबाइल नंबर ना त्यानं मागितला, ना तिनं दिला. नंबर असता तर ही सगळी चौकशी एका फोनवर आटोपली असती, हे दोघांना चांगलं ठाऊक होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ड्युटी सुटल्यावर तो पासपोर्ट घेऊन येणार होता. आता मात्र बुकिंग करायचंच, असं मेघानं सकाळी केस विंचरताना ठरवलेलं.

चारच्या पुढं तिच्या आईचा फोन आला. "अगं, पाणी आलंय! आजच आलंय. ये बाई लवकर, माझ्या गुडघ्यांनी होत नाही."

पाणी म्हटल्यावर या शहरातला माणूस जे करतो तेच मेघानं केलं. 'अर्ध्या तासात येते' असा कागद दारावर चिकटवला आणि स्कूटी काढली. पाणी आधी गढूळ आलं. मग बारीक आलं. मग शेजारच्यांनी मोटार लावली म्हणून भांडावं लागलं. ड्रम भरून, ओल्या ओढणीनं ती परतली तेव्हा दिवे लागले होते.

वरचा चष्मेवाला शटर ओढून खाली उतरत होता. "तुझं ते गिऱ्हाईक आलं होतं. पायरीवर बसलं होतं बराच वेळ. मग गेलं."

तिनं मुंबईला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "बंद झालं, मॅडम. त्या केबिनी पण गेल्या."

ती अंधारात खुर्चीवर बसून राहिली. टँकरच्या रांगेत वाढलेल्या बाईचा एकदाचा नंबर लागला होता, आणि खिडकी बंद झाली होती. पाण्यामुळं? छे. बुधवारी व्हिसाचं उत्तर दिलं असतं तर शुक्रवार उजाडायच्या आत सगळं झालं असतं.

*

शनिवारी सकाळी ती बजाजनगरला गेली. 'बुद्धविहाराच्या मागची गल्ली' एवढं त्याच्या बोलण्यात एकदा आलं होतं. तिसऱ्याला विचारल्यावर घर सापडलं. ओट्यावर एक ठेंगण्या बाई मेथी निवडत बसल्या होत्या.

"गीताबाई?"

"व्हय."

"मावशी, मी मेघा. ट्रॅव्हल्सवाली."

"अगं बाई!" त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तूच का ती? माझ्या पोराला रोज अर्धंच उत्तर देती?"

मेघा ओट्यावर टेकली आणि सगळं सांगितलं – भाडं गेलं, केबिन गेली, चूक माझी, आणि ती पाण्यामुळं झाली नाही. का झाली... तेवढं सांगताना मात्र तिनं मेथीची जुडी हातात घेतली आणि पानं खुडायला लागली.

गीताबाईंनी ऐकून घेतलं.

"आगं, समुद्र कुठं पळून चाललाय व्हय? तो काय टँकर हाय?"

"पण मावशी, तुम्ही एवढे प्रश्न विचारले होते..."

"मी? मी दोनच इचारले. पाण्याचं आन् च्याचं."

"कोटाचं?"

"मला काय करायचाय कोट?"

"वायफायचं? लाँड्रीचं? पोहायच्या तलावाचं?"

गीताबाईंनी दाराकडं तोंड केलं. "सम्या! भाईर ये. लपू नको."

सम्यक आला. गळ्यात टॉवेल, डोळ्यांवर चष्मा नाही. त्यानं डोळे बारीक करून मेघाकडं पाहिलं, तसंच, जसं पहिल्या दिवशी पोस्टरकडं पाहिलं होतं.

"काल थांबायचं ना थोडं," मेघा म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण कुणावरचा ते तिलाही सांगता आलं नसतं.

"थांबणार होतो. मग म्हटलं..." तो टॉवेलाचं टोक पिळायला लागला. "बुकिंग झालं तर उद्या काय विचारायला येणार? प्रश्न संपत आले होते माझे."

गल्लीत कुणीतरी पाइपानं गाडी धूत होतं.

"म्हंजी माझं जहाज तुमी दोघांनी मिळून बुडवलं," गीताबाई म्हणाल्या आणि आपल्याजवळची मेथी घेऊन आत गेल्या. दार मात्र त्यांनी उघडंच ठेवलं, ऐकायचं होतं.

"एक प्रश्न राहिलाय," सम्यक म्हणाला.

"आईंचा?"

"माझा. एका केबिनमध्ये तिघं राहू शकतात का?"

मेघाच्या हातातली जुडी थांबली. पण उत्तर तिला पाठ होतं, आणि या वेळी तिनं ते पुरतं दिलं.

"राहू शकतात. तिसऱ्याचं भाडं कमी पडतं. नावं पासपोर्टवर असतील तशीच द्यावी लागतात."

"तिसऱ्या माणसाकडं पासपोर्ट आहे?"

"नाही. काढावा लागेल."

"आणि मागाहून रद्द करायचं म्हटलं तर?"

"जेवढा उशीर, तेवढी कपात जास्त. म्हणून सगळं आधी विचारून घ्यावं." मग जुडीकडं बघत, "माझी पण एक अट आहे. मुकुंदवाडीला पाणी आलं की मी भरायला जाणार. कुठंही असले तरी. आईला होत नाही."

"मी ड्रम उचलतो."

"गढूळ येतं आधी."

"तुरटी आणतो."

"मग... चालेल," मेघा म्हणाली. अगदी कामाच्या आवाजात. पण खुडलेली पानं तिनं टाकून दिली होती आणि देठं ओटीत जमवली होती.

आतून गीताबाईंचा आवाज आला. "मी नाय हां तुमच्या खोलीत! मला शेजारची घ्या. खिडकीवाली!"

*

सम्यक त्या इमारतीचा जिना पहिल्यांदा चढला तो नवा चष्मा न्यायला. तो सोमवार होता, आणि वरचं दुकान बंद होतं.