नऊ फुटांचा बोळ

धम्मदीपाची ई-रिक्षा तिच्याच बोळात अडली. आडवी पिवळी पट्टी ताणलेली, एका टोकावर दगड ठेवलेला आणि दुसऱ्या टोकाशी एक तरुण उकिडवा बसून आकडे लिहीत होता.

"ताई, दोन मिनिटं..."

"ताई कोणाले म्हणून राह्यले? गाडीत शाळेच्या पोरी हायेत. घंटा तुमच्यासाठी थांबते काय?"

"मंग नाव सांगा — नावानं म्हणतो."

मागे पोरी खुसखुसल्या. धम्मदीपाला राग यायला हवा होता, आलं मात्र हसू, आणि ते लपवायला तिने उगाच भोंगा वाजवला.

तो अमरदीप. किन्हीराजा गावचा, इथल्या नव्या नगरपंचायतीने रस्ते मोजायला ठेवलेला. आठवडाभर तो याच भागात होता. तिची गाडी दिसली की पट्टी गुंडाळून भिंतीला पाठ टेकायचा आणि हळूच विचारायचा, "नाव?" चौथ्या दिवशी तिने सांगून टाकलं. पाचव्या दिवशी तिच्या आईने, चंपाबाईने, त्याला चहा पाजला. कप परत देताना त्याची नजर धम्मदीपावर जरा जास्तच रेंगाळली... आईने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मग सोमवारी नगरपंचायतीच्या फलकावर यादी लागली. नऊ फुटांपेक्षा अरुंद बोळात वाहनाला बंदी, आणि त्यांचा बोळ साडेसात फूट! गाडी दारात आली नाही तर चार्ज कुठे करायची? चार्ज नाही तर पोरी नाहीत, काम नाही. वस्तीतली गाडी चालवणारी पहिली पोरगी म्हणून मिरवणारी धम्मदीपा त्या रात्री जेवली नाही. आपला चहा पिऊन आपलाच गळा कापला, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

हरकतींच्या सभेत बाजारपेठेतले मारोतराव म्हणाले, "बोळ पायी चालायचा असते. गाड्या मोठ्या रस्त्यानं न्या."

धम्मदीपा उठली. "काका, तुमच्या घराले दोन दारं हायेत. मांगचं बंद झालं तरी तुमचं चालते. आमचं पुढचंच दार बोळात हाय. ते कुठं नेऊ?"

तेवढ्यात कोपऱ्यातून अमरदीप उभा राहिला.

"माप चुकलं. चूक माही हाय."

सभा घेणाऱ्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "काहून चुकलं?"

"सकाळी मोजलं, साहेब. दोन्हीकडच्या दारापुढं रांगोळ्या होत्या. त्याच्यावर पाय द्याले मन झालं नाही... म्हणून रांगोळीपासून रांगोळीपर्यंत मोजलं."

सगळी सभा हसली. कानापर्यंत लाल झालेला अमरदीप मान ताठ ठेवून उभाच राहिला. नोकरी कंत्राटी, उद्या राहील की नाही कोण जाणे, तरी तो खाली बसला नाही. धम्मदीपाचा ऊर भरून आला. असा माणूस आपल्या दारात चहा प्याला होता!

साहेबांसमोर फेरमोजणी झाली. भिंतीपासून भिंत नऊ फूट चार इंच. फक्त एका दाराशी गाडी चढवायला केलेला सिमेंटचा उतार फूटभर पुढे आलेला, म्हणून तिथे बोळ नऊ फुटांहून कमी भरला. तो धम्मदीपाचा होता, स्वतःच्या हातांनी घातलेला.

कोणी काही म्हणायच्या आत तिने घरातून घण आणला. पहिला घाव तिने घातला. दुसऱ्याला अमरदीप पुढे सरसावला, तर तिने हात आडवा धरला. "माहा हाय. मीच फोडीन."

उतार फुटला आणि बोळ गाडीसाठी मोकळा झाला. अमरदीपला लेखी समज मिळाली; काम मात्र टिकलं. संध्याकाळी तो दारात आला. हात रिकामे, शर्ट इस्त्रीचा.

"आज काय मोजाले आले?"

"काही नाही. घरी आईले सांगून आलो... का मले तुमच्याशीच लगन करायचं हाय. आता तुमाले इचारून राह्यलो."

चंपाबाई दारात थबकली. समोरच्या ओट्यावर रुपाबाईच्या हातातलं गव्हाचं सूप पाखडायचं थांबलं. सगळा बोळ ऐकतोय हे धम्मदीपाला कळत होतं, आणि तिला ते हवंच होतं.

"हो म्हणते," ती मोठ्याने म्हणाली. "पण लग्नाच्या दिवशी विहारात जाताना गाडी मी चालवीन. तुमी मांगं बसा."

"बसतो की," अमरदीप म्हणाला, आणि सगळ्या बोळाला दिसेल अशा अभिमानाने हसला.