आधी आवाज, मग हात

धप्प असा आवाज आला, आणि पाठोपाठ पाणी सांडल्याचा. तिने हातातलं औषधाचं भांडं होतं तिथेच ठेवलं आणि अंगणाकडे धाव घेतली.

अंगणाच्या मधोमध आत्याबाई थरथरत उभी होती. आत्याबाई म्हणजे जनावरांच्या या निवाऱ्यातली सगळ्यांत जुनी घोडी. दोन्ही डोळे गेलेले, पण तोरा असा की कुणी घास पुढे केला तरी आधी नाक मुरडणार आणि मगच खाणार. म्हणून तर हे नाव. तिच्या गुडघ्यातून रक्त ठिबकत होतं, आणि पायाशी पाण्याचा मोठा टब आडवा पडला होता. जिथे असायला नको, नेमका तिथे.

"कुणी हलवला हा टब?"

कुंपणापाशी पंधरा दिवसांच्या कामावर आलेला नवा सुतार रंधा मारत होता. कानावर पेन्सिल, केसांत भुसा.

"मी," तो खुशीत म्हणाला. "उन्हात होता, जरा सावलीत सरकवला. आभार वगैरे नकोत..." आणि मग त्याचं लक्ष घोडीच्या गुडघ्याकडे गेलं.

"आभार? अहो, तिला दिसत नाही! दारापासून एकवीस पावलं आणि मग पाणी. चार वर्षं एवढंच जग आहे तिचं. तुम्ही तेच तीन हात सरकवून ठेवलंत. दारावरची पाटी वाचता येत नाही का?"

"पाटी...?" त्याने मान खाली घातली. "ती मी काढून ठेवली. चौकट बदलायची होती ना..."

भुशाच्या ढिगावर पाटी उताणी पडली होती. तिच्याच अक्षरात लिहिलेली. 'वस्तू जागची हलवू नये. आधी आवाज, मग हात.'

एरवी तिला हसू आलं असतं. त्या दिवशी नाही आलं.

जखम तशी वरवरची होती, दोन दिवसांत खपली धरली. टबही परत जागेवर गेला. पण आत्याबाई तबेल्याच्या दाराबाहेर पाऊल टाकीना. उंबऱ्याशी यायची, कान टवकारायची आणि तशीच मागे सरायची.

मावशी, म्हणजे हा सगळा पसारा मांडणारी डॉक्टरीण, घोडीच्या पोटाला कान लावून बराच वेळ उभी राहिली.

"घोड्याचं पोट पायांवर चालतं. ही अशीच उभी राहिली तर आठवडाभरात पोटशूळ उठेल. आणि या वयात..." मावशीने घोडीची मान थोपटली. "ज्याने घडी विसकटली, त्यालाच बसवू दे."

"तो? त्याला लाकडाशिवाय काही कळत नाही."

"तुला जनावरांशिवाय काही कळत नाही, हवालदारीणबाई. तरी ठेवलंय ना मी तुला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या तासभर आधी तो हजर. हात पाठीमागे बांधून, शाळेत उशिरा पोचलेल्या पोरासारखा.

"काय करू ते सांगा."

तिने गळ्यातला रुमाल सोडला. "आधी हा डोळ्यांवर बांधा. आणि चाला."

त्याने मुकाट्याने बांधला. आठ पावलं टाकली... नववं टाकताना हात आपोआप पुढे आले. अकराव्याला तो थांबलाच.

"पुढे काही आहे का?"

"काही नाही."

"मग भीती का वाटतेय?"

"तिलाही तेच वाटतंय." तिचा आवाज जरा मऊ झाला होता. हा माणूस निदान विचारतो तरी, तिच्या मनात आलं. तेवढ्यात त्याने उगाच मोठेपणा करत एक लांब ढांग टाकली, थेट कुंपणाच्या खांबाच्या दिशेने.

"अरे थांब, आपटशील!"

तो जागच्या जागी थांबला. डोळ्यांवर रुमाल तसाच, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"अरेतुरेवर आलात की हो."

"खांब दिसला की येतात माणसं," ती म्हणाली, आणि त्याला दिसत नाही हे बरंच झालं असं तिला वाटलं. कान गरम झाले होते तिचे.

त्या दिवसापासून त्याने तबेल्याच्या दारापासून पाण्यापर्यंत एक कठडा बांधायला घेतला. घोडीच्या खांद्याला लागेल इतकाच उंच. रंधा मारून मारून इतका गुळगुळीत केलेला, की कुशीवर झोपलेल्या बाळाच्या गालावरून हात फिरवावा तसं वाटे. शेवटच्या दोन पावलांवर त्याने लाकडात खाचा पाडल्या, पाणी जवळ आलं हे अंगाला कळावं म्हणून. मग पलीकडे उभं राहून पेन्सिलीने टकटक करायचा. दोन... आणि एक.

"याचा अर्थ काय?" तिने विचारलं.

"ये, वाट मोकळी आहे."

"तिला कसा कळणार?"

"रोज तोच माणूस, रोज तीच वाट. बायकांना कळायला वेळ लागतो, पण कळतं."

"घोडीबद्दल बोलतोयस ना?"

"मग? आणखी कुणाबद्दल?"

तीन पायांची कुत्री, तिपाई, त्याच्या पायाशीच पडलेली असायची. एकदा तिच्या दुखऱ्या कुशीला तेल लावता लावता ती म्हणाली, "येणारे सगळे 'बिच्चारी' म्हणतात हिला. मला राग येतो."

"बिच्चारी कशाला? चार पायांचं टेबल डुगडुगतं. एका पायाखाली कागदाची घडी सारावी लागते. तीन पायांचं स्टूल कसल्याही जमिनीवर घट्ट बसतं. कुठल्याही सुताराला विचार."

ती हातातलं तेल विसरून त्याच्याकडे पाहत राहिली. तिपाईने ढुशी मारली तेव्हा भानावर आली.

पाचव्या दिवशी आत्याबाईने एक खूर उंबऱ्याबाहेर ठेवला. सातव्या दिवशी चार पावलं. मावशीने पोटाला कान लावला आणि सरळ जाऊन चहा टाकला. आपल्या हातचा! म्हणजे बातमी चांगलीच होती.

दहाव्या दिवशी तो एक बुटकं, तीन पायांचं स्टूल घेऊन आला आणि कठडा संपतो तिथे उभा राहिला.

"हे इथे ठेवू?"

"एकदा ठेवलंस की हलणार नाही हं. आत्याबाई पाठ करून टाकेल."

"म्हणून तर आधी विचारतोय."

तिने कठड्यावरचा नसलेला भुसा झटकला. "ठेव."

मग रोज तो त्या स्टुलावर बसायचा आणि ती टबाच्या काठावर. बोलणं कमीच. पण कितीदा तरी एकाच वेळी दोघं बोलायला लागत आणि एकाच वेळी थांबत...

"तू बोल."

"नाही, तू."

मग ती टबातलं पाणी उगाच ढवळायची आणि तो पेन्सिलीला टोक काढायचा.

पंधरावा दिवस उजाडला. त्याचं पुढचं काम ठरलेलं होतं. दूरच्या बंदरावर, बोटींची डागडुजी, चार महिने. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि उजाडणं वेगळं.

त्या सकाळी त्याने टकटक केली. दोन... आणि एक. आत्याबाई दारात आली. कान हलले. खांदा कठड्याला लावून ती निघाली, एक एक पाऊल मोजत. खाचा लागल्या तशी मान खाली घातली आणि सरळ पाण्यात तोंड बुडवलं. मध्ये एकदाही थांबली नाही. मावशी पदराने डोळे पुसत म्हणाली, "भुसा गेला गं डोळ्यात."

"फिटली माझी चूक," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

त्याने हत्यारांची पेटी उचलली. फाटकापर्यंत ती सोबत गेली.

"काही सांगायचं राहिलंय का?" त्याने विचारलं.

सांगायचं तर खूप होतं. ओठांवर आलं, आणि बाहेर पडताना भलतंच झालं. "पाण्याची बाटली घेतलीस?"

त्याने क्षणभर वाट पाहिली. मग हसला, पण डोळे काही हसले नाहीत. "घेतली. येतो."

त्याची पावलं रस्त्याला लागली. ती मागे वळली. टबापाशी आत्याबाई तोंड वर करून उभी होती. दोन्ही कान त्या जाणाऱ्या पावलांवर.

तिची नजर दारावरच्या पाटीकडे गेली. त्यानेच नव्या चौकटीवर परत लावलेली पाटी. आधी आवाज... येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ती स्वतःच हे बजावत होती. जनावराला असं मुक्यानं अंधारात ठेवायचं नसतं, म्हणत होती. आणि माणसाला?

ती फाटकाशी धावली आणि मुठीने लाकडावर ठोकलं. दोन... आणि एक.

रस्त्यावरची पावलं थांबली. मग परत यायला लागली. आधी सावकाश, मग भरभर.

"बोल," तो धापा टाकत म्हणाला.

"जाऊ नकोस असं नाही म्हणत मी. काम टाकायचं नसतं. पण..." तिने श्वास घेतला. "काम संपलं की इकडे ये. आत्याबाईसाठी नाही. कठड्यासाठी नाही. माझ्यासाठी ये. मला तू हवा आहेस."

तिपाई लंगडत येऊन फाटकाशी बसली. त्याने हातातली पेटी खाली ठेवली.

"आवाज तर झाला," तो अगदी हळू म्हणाला. "आता?"

तिने फाटकावरून हात पुढे केला. त्याच्या तळव्याला लाकडाचा वास होता.

चार महिने ते स्टूल तिथेच राहिलं. रोज सकाळी ती ते पुसायची. फोनवर त्याला आत्याबाईची पावलं सांगायची, आणि आपलं काही सांगायचं राहिलं तर पुन्हा फोन लावून सांगायची. एकदा पावसाची भुरभुर चालू असताना नव्याने आलेली मदतनीस स्टूल उचलायला वाकली.

"अहो ताई, भिजतंय. आत नेऊ?"

"भिजू दे. ते जागचं हलवायचं नाही."

"आत्याबाईला लागेल म्हणून?"

"आत्याबाईला, आणि..."

वाक्य तसंच राहिलं. आत्याबाईचे कान एकदम फाटकाकडे वळले होते. मग तिलाही ऐकू आलं. ओल्या लाकडावर पेन्सिलीची टकटक. दोन... आणि एक.

आत्याबाई कठड्याला खांदा लावून शिस्तीत निघाली. एकवीस पावलं तिला पाठच होती. हवालदारीणबाईंना मात्र त्या दिवशी पावलं मोजायचं भानच राहिलं नाही.