सातव्या मजल्यावर कोणी नाही

तुमच्या इमारतीत ही यंत्रणा बसवायची आहे, म्हणून मला चहाला बोलावलंत आणि फायदे विचारलेत. सांगते की. फायदे सांगण्यात माझा हात कोणी धरणार नाही, इतकी वर्षं त्याच्यावरच पोट भरते आहे.

छतात एक डोळा बसवतात, लिंबाएवढा. खोलीत काही हललं की त्याला कळतं आणि तो बारीकसा लाल लुकलुकतो. भिंतीवर एक नाक असतं. आम्ही कामावर त्याला नाकच म्हणतो. माणूस श्वास सोडतो तशी बंद खोलीतली हवा जड होत जाते. ते नाक हे मोजतं आणि आकडा तळघरातल्या यंत्राला कळवतं. आकडा चढला की यंत्र ताजी हवा सोडतं. माणूस उठून गेला की डोळा तसं कळवतो, मग थोडा वेळ वाट बघून दिवा मालवला जातो, हवा थांबते, मजला रिकामा झाला की दारं कुलूपबंद होतात. ऊन आलं की पडदे आपोआप उतरतात. विजेचं बिल निम्म्यावर येतं, हे अगदी खरं आहे. पंखा कोणी चालू ठेवला यावरून घरात भांडणं होत नाहीत, हेही खरं. फक्त एक लक्षात ठेवा. इमारतीला माणूस कळत नाही, हालचाल कळते.

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, मुद्रितशोधक होते. कायद्याची जाडजूड पुस्तकं छापणाऱ्या एका कंपनीत, सातव्या मजल्यावर, काचेच्या एका छोट्या खोलीत बसून ते दिवसभर चुका शोधायचे. एकदा वाचायला बसले की पापणीसुद्धा हलायची नाही. ऑफिसात सगळे त्यांना ‘पुतळा’ म्हणत. त्यांच्या डोक्यावरचा दिवा दिवसातून कितीतरी वेळा विझायचा, आणि मग ते मान खालीच ठेवून एक हात वर करून हलवायचे. दिवा लागायचा. पुतळ्याच्या खोलीत अंधार दिसला तर कोणी आत डोकावायचंसुद्धा नाही, इतकी ती सवयीची गोष्ट झाली होती. घरी जेवताना वीज गेली तरी त्यांचा हात वर जायचा. ताई म्हणायची, “अहो, हे घर आहे, ऑफिस नाही.” आम्ही पोट धरून हसायचो.

पूर्वी तिथे वाट बघायची वेळ वीस मिनिटांची होती. मोठ्या साहेबांनी ती पाचवर आणली. खाली प्रवेशद्वारापाशी ‘वीज वाचवणारी आदर्श इमारत’ अशी पितळी पाटी लावायची होती ना. तेवढ्यावर भागेना, म्हणून आणखी एक नियम घातला. डोळा म्हणतो खोली रिकामी आणि नाक म्हणतं भरलेली, असं झालं तर खरं डोळ्याचं. नाकाचं ऐकायचं म्हणजे हवा सोडायची, आणि हवा म्हणजे खर्च.

एका शनिवारी संध्याकाळी बाकीचे घरी गेले आणि भाऊजी थोडं काम उरकायला मागे थांबले. खुर्चीतच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हात हलेना. पाच मिनिटांनी इमारतीने दिवा मालवला, हवा बंद केली, मजल्याला कुलूप घातलं.

ताई तेव्हा माझ्याकडे होती, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून. निघताना नवरा-बायकोची काहीतरी कुरबूर झाली होती. भाऊजी फोन उचलेनात, तेव्हा तिने रात्री ऑफिसात फोन केला. खालच्या वॉचमनने संगणकाच्या पडद्यावर बघितलं आणि सांगितलं, “सातव्या मजल्यावर कोणी नाही, बाई.” रविवारी सकाळी तिने परत केला, दुपारी परत केला. तेच उत्तर. मग तिला राग आला. रुसून मित्राकडे जाऊन बसले असतील, म्हणाली, बसू देत. सोमवारी सकाळी झाडणारी बाई आत गेली, तिच्या हालचालीने दिवा लागला, आणि समोर भाऊजी बसलेले.

डॉक्टर म्हणाले, झटक्यात गेले असणार. त्या ‘असणार’ने ताईला पोखरून काढलं. ती माझ्याकडेच राहायला आली. मी कामावरून आले, चपला काढल्या, की तिचा एकच प्रश्न.

“लगेच गेले ना गं ते?”

“डॉक्टरांनी सांगितलंय ना, ताई.”

“ते असणार म्हणाले. लगेच गेले असतील तर माझ्या फोनने काही बिघडलं नाही. पण नसतील गेले, तर मी का नाही म्हटलं, की वर जाऊन बघा म्हणून? एवढंच तर म्हणायचं होतं.”

तिचं जेवण तुटलं होतं. साडी नेसायची तर निऱ्या धरून तशीच उभी राहायची. माझी बहीण माझ्या डोळ्यांसमोर झिजत होती आणि मला काही करता येत नव्हतं.

काही महिन्यांनी त्या इमारतीच्या देखभालीचं काम आमच्या कंपनीकडे आलं आणि पाठोपाठ तक्रार आली. सातव्या मजल्यावरच्या एका बंद खोलीतलं नाक सुट्टीच्या दिवशी चुकीचा आकडा दाखवतं. पाटी टिकवण्यासाठीची दरवर्षीची तपासणी तोंडावर आली होती आणि साहेबांना कुठेही खोट दिसायला नको होती. कोणती खोली ते मी बघितलं आणि काम मागून घेतलं. नातं कोणाला सांगितलं नाही.

रविवारी सकाळी गेले. बाहेर लख्ख ऊन होतं. पितळी पाटी नुकतीच पुसलेली. वॉचमनकाका खुर्चीतून उठले.

“रविवारीच होतं, मॅडम,” ते म्हणाले. “तुमच्याआधी दोघं येऊन गेले. नाक बदललं. नवं नाक पण तेच सांगतंय.”

“काय सांगतंय?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. “आत कोणीतरी श्वास घेतंय म्हणून...”

वर येता का विचारलं तर म्हणाले, गुडघे दुखतात. लिफ्ट होती, तरी.

सातव्या मजल्यावर पाऊल टाकलं तसे माझ्या पुढे पुढे दिवे लागत गेले आणि मागचे विझत आले. बंद हवेला जुन्या गालिच्याचा आणि कागदाचा वास होता. भाऊजींच्या खोलीतलं टेबल हलवलं होतं. खुर्ची तेवढी ठेवली होती, भिंतीकडे तोंड करून. ती कोणाला नको असेल.

मी माझ्याजवळचं वेगळं मापक खुर्चीवर ठेवलं. दोन आकडे जुळले तर नाक निर्दोष. आत माझाच श्वास मोजला जाऊ नये म्हणून बाहेर आले, दार लावलं, फटींना चिकटपट्टी मारली, शेजारच्या खोल्यांतून हवा येत नाही याची खात्री केली. मग काचेबाहेर जमिनीवर बसून फोनवर दोन्ही आकडे बघत राहिले. माझा श्वास विरला तसे ते आधी उतरले. मग थांबले आणि चढायला लागले. दोन्ही, बरोबरीने. या कामात मी हजारो खोल्या मोजल्या आहेत. एक माणूस स्वस्थ बसलेला असला की आकडा कसा चढतो, ते मला कोणी शिकवायला नको.

मी नियम तपासले, तारा तपासल्या, झडपा तपासल्या. चूक सापडावी म्हणून मनातल्या मनात हात जोडले. चूक नव्हती.

बसल्या बसल्या माझ्या डोक्यावरचा दिवा विझला. मी हात हलवला. लागला. काही वेळाने परत विझला, परत हात हलवला. तिसऱ्यांदा विझला तेव्हा म्हटलं, राहू दे. दुपार झाली, ऊन फिरलं आणि सगळ्या मजल्याचे पडदे घरघर करत एकाच वेळी उतरले. बाहेर भर दुपार आणि आत फोनच्या उजेडापलीकडे काही दिसेना. एवढ्यात वास आला. बामचा. भाऊजी वाचताना कपाळाला चोळायचे तो.

मी काचेजवळ तोंड नेलं.

“भाऊजी...”

आकडा थबकला.

“भाऊजी, मी आहे... लगेच गेलात ना तुम्ही?”

आकडा चढायला लागला. मघासारखा सावकाश नाही. घाबरलेला माणूस धापा टाकतो, तेव्हा चढतो तसा. छतातला डोळा मात्र मिटलेलाच. तिथे काही हलत नव्हतं.

“हो म्हणा ना, भाऊजी... ताईसाठी तरी...”

आकडा चढतच राहिला. काच आतून धुरकटत गेली. मी तिथून उठले नाही. तोंडात पदर कोंबून रडत बसले. कितीतरी वेळाने पडद्यांच्या कडेचं ऊन तांबूस झालं, आणि तेव्हा कुठे आकड्याचा वेग मंदावला. मग तो थांबला. मग हळूहळू उतरत रिकाम्या खोलीइतका झाला.

त्या रविवारी घडलं तेच ती खोली मला परत दाखवत होती. म्हणजे शनिवारची सगळी रात्र आणि रविवारचा सगळा दिवस. ताईचे तिन्ही फोन आले तेव्हा ते जिवंत होते. आणि त्या भिंतीवरचं नाक तळघरातल्या यंत्राला सारखं सांगत होतं, इथे माणूस आहे, इथे माणूस आहे. यंत्राने ते ऐकलं आणि नियमाप्रमाणे सोडून दिलं.

त्या इमारतीच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. “सापडलं का काही?”

“नाक चांगलं आहे, साहेब. आकडा खरा आहे.”

“खरा-खोटा बाजूला ठेवा हो. काढूनच टाका ते. नुसत्या डोळ्यावर चालवू.”

मी स्क्रू काढले आणि नाक पिशवीत टाकलं. जाताना त्या पाटीवर थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही, नोकरी होती. काकांनी विचारलं, काय निघालं? मी म्हटलं, नाक खराब होतं.

“नवं होतं, मॅडम,” ते म्हणाले.

मी माझा नंबर त्यांना दिला आणि निघाले.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई आत झोपली होती. मी कुठे गेले होते ते ताईला ठाऊक होतं. दारातच उभी होती. चपला काढेपर्यंतही तिला दम निघाला नाही.

“लगेच गेले ना गं ते?”

“लगेच, ताई. दिवा विझायच्या आधीच. मशीनवर सगळं दिसतं.”

“शप्पथ?”

“तुझी शप्पथ.”

ती मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मग उठली, तोंड धुतलं, ताटं घेतली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने आपणहून भात वाढून घेतला. मी तिच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, पाप लागलं तर लागू दे.

तेवढ्यात फोन वाजला. वॉचमनकाका. आवाज अगदी खोल गेलेला.

“मॅडम... सातव्यावरचा दिवा लागलाय. त्याच खोलीतला.”

मी फोन कानाशी घट्ट दाबून धरला.

“डोळा लुकलुकतोय, पडद्यावर दिसतंय. दिवा पाच मिनिटांनी विझतो आणि परत लागतो. विझतो, परत लागतो... कोणीतरी हात हलवत असल्यासारखा.” ते थांबले. “गेल्या वेळी मी वर गेलो नाही, मॅडम. या वेळी जाऊन बघू का?”

ताईने मान वर केली. “कोण आहे गं?”

तिच्या हातात घास होता. तिचा चेहरा किती दिवसांनी माणसासारखा दिसत होता. काका वर गेले, त्यांनी काही पाहिलं, ते बोलत सुटले, तर ते तिच्या कानावर येणारच.

“नको, काका,” मी म्हणाले. “सातव्या मजल्यावर कोणी नाही.”

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग फोन ठेवला गेला.

ताईने घास ताटात परत ठेवला.

“मलाही असंच सांगितलं होतं,” ती हळूच म्हणाली. “अगदी याच शब्दांत.”

आणि आमच्या डोक्यावरचा दिवा विझला. खिडकीतून समोरच्या घरांतले दिवे दिसत होते, वीज गेली नव्हती. अंधारात आम्ही दोघी ताटांसमोर बसून होतो. बामचा वास आला.

“अहो...” ताई म्हणाली. “अहो, हे घर आहे...”

दिवा लागला.

आमच्या घरात डोळा नाही, नाक नाही. भिंतीवर साधं बटण आहे, ते मी आयुष्यात बदललेलं नाही. आणि दिवा लागला तेव्हा आम्हा दोघींपैकी कोणीही हललं नव्हतं.