खरा भोंगा

गिरणी चौकात आता शिट्टी नव्हती, सिग्नल नव्हता, शिव्यासुद्धा नव्हत्या. पाच रस्त्यांवरच्या गाड्या मधल्या गोलाकडे येत आणि प्रत्येकीला शिरण्यापुरती जागा चौकच, म्हणजे त्याचा संगणक, वाटून देई. गाडीतलं यंत्र त्याचं ऐके, माणूस नुसता बसून राही. सोलापूरकरांनी आठवडाभर तोंडात बोट घातलं, मग त्याचीही सवय झाली.

निवृत्त हवालदार सिद्राम हत्तुरे मात्र रोज नियंत्रण कक्षात येऊन बसत. एकतीस वर्षं याच चौकात उन्हं झेललेला माणूस. चौकाला शहाणं त्यांनीच केलं होतं. ॲम्ब्युलन्सवाले रिकाम्या गाडीचाही भोंगा वाजवत जेवायला घरी पळतात, हे कुणाला ठाऊक नाही? मग खरा भोंगा ओळखायचा कसा? जुनी चित्रणं बघता बघता हत्तुरे अभियंता रेश्मा कोंडाला म्हणाले होते, "आत पेशंट असला की नातेवाइकाचा हात खिडकीबाहेर असतोच बघ. बाजूला व्हा, बाजूला व्हा, करत." चौकानं ते गिरवून घेतलं. हात दिसला की वाट मोकळी. नाहीतर गाडी 'रिकामी' ठरून रांगेत मागे. ही खूण चालकांना मात्र सांगितली नव्हती, नाहीतर रिकाम्या गाड्यांतूनही हात निघाले असते. महापौरांनी शाल घातली तेव्हा हत्तुऱ्यांची छाती फुगली होती, आणि का फुगू नये?

सकाळी साडेदहाला शेजारच्या काशीबाईंचा फोन आला. "भावजी, महानंदाच्या छातीत दुखायलंय. ॲम्ब्युलन्समधी घालून दिलंय, पण संगट कोणच न्हाई ओ!"

हत्तुऱ्यांनी पडद्याकडे पाहिलं. स्टेशनच्या रस्त्यावर एक ॲम्ब्युलन्स अडकली होती. पडद्यावर तिच्या डोक्यावर चौकाची अक्षरं होती: रिकामी.

"रेश्मा, सोड तिला! माझी बायको हाय आत!"

"काका, इथून नाही बदलता येत." रेश्मा रडवेली झाली. "वशिल्याच्या गाड्या घुसू नयेत म्हणून आपणच ती सोय काढली ना!"

हत्तुरे धावत खाली गेले, भर चौकात उभे राहिले आणि जुन्या सवयीनं हात आडवा केला. एकही गाडी थांबली नाही. सगळ्या त्यांना अलगद चुकवून गेल्या. धापा टाकत ते ॲम्ब्युलन्सपाशी पोहोचले. आतला परिचारक दोन्ही हातांनी महानंदाची छाती दाबत होता. त्याला खिडकी कुठली सुचणार? हत्तुऱ्यांनी आत चढून हात बाहेर काढला. बाकीचे चारही रस्ते जागच्या जागी थबकले, वाट मोकळी झाली.

अकरा मिनिटं वाया गेली होती. महानंदाच्या हाती तेवढी नव्हती.

तिसऱ्या दिवशी रेश्मा घरी आली. हत्तुरे तिच्यावर रागावले नाहीत. राग होता तो स्वतःवर, आणि तो गिळता येत नव्हता.

"आठ महिन्यांत चौकानं रिकाम्या म्हणून किती गाड्या मागं टाकल्या?" त्यांनी विचारलं.

"चारशे बारा."

"त्यातल्या खरंच रिकाम्या किती, ते कळंल?"

"दवाखान्यांच्या नोंदींशी ताडलं तर तासाभरात." रेश्मानं लॅपटॉप मांडीवर घेतला, पण उघडला नाही. "ताडून बघू का, काका?"