हातातून हातात

बुखारेस्टमधल्या त्या इंग्रजी शाळेत एक नियम फार कडक होता, आणि खरं सांगायचं तर चांगलाच होता. संध्याकाळी मूल सोडायचं ते हातातून हातात. शिक्षिकेने मुलाचा हात धरून दारापर्यंत यायचं. समोर आई असो, बाप असो, सांभाळणारी बाई असो, नाहीतर वकिलातीचा ड्रायव्हर, मुलाला विचारायचं, "हे तुझेच ना?" मूल हो म्हणालं की त्याचा हात समोरच्या हातात द्यायचा. घेणाऱ्यानेही तोंडाने म्हणायचं, "घेतलं." तोवर मूल शाळेचं. आणि शेवटचं मूल जाईपर्यंत शिक्षिकाही शाळेचीच!

ओतिलिया तिथे मदतनीस होती. इंग्रज बाया दिवसभर शिकवायच्या आणि शाळा सुटली की "चला, भेटू उद्या" करून मोकळ्या व्हायच्या. ज्यांचे आईबाप कामावरून उशिरा सुटत, ती उरलेली पोरं ओतिलियाच्या गळ्यात. त्यांना चित्रं काढायला द्यायची, सफरचंदं कापून द्यायची, नाकं पुसायची आणि एकेक करून दारातून रवाना करायचं.

तिची स्वतःची पोर, पाच वर्षांची इलिंका, ट्रामच्या रुळांपलीकडच्या सरकारी बालवाडीत तिची वाट बघत बसलेली असायची. बालवाडी सहाला बंद. नवऱ्याशी, द्रागोशशी, काडीमोड झाला होता आणि पोर कुणाकडे राहणार ते कोर्टात अजून ठरायचं होतं. द्रागोशने तिथे उभं राहून सगळ्यांदेखत विचारलं होतं, "जिला पोरीला वेळेवर घ्यायला जमत नाही, तिच्याकडे पोर ठेवायची कशाला?" ओतिलियाला खरोखर दोनदा उशीर झाला होता. बालवाडीच्या सांदाबाई मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांनीही सांगून ठेवलं होतं, "आता पुन्हा झालं ना गं, तर मला त्याला बोलवावंच लागेल." दुसऱ्यांची पोरं राखायची आणि आपलं लेकरू दुसऱ्याच्या दारात. पोटासाठी माणूस काय काय करतो!

तो डिसेंबरातला दिवस. दुपारपासूनच शाळेमागच्या तळ्यावरून धुकं चढायला लागलं होतं, आणि पाच वाजेपर्यंत अंगणातली झाडंही दिसेनाशी झाली. तरी ओतिलिया खुशीत होती, कारण पालक त्या दिवशी लवकर आले. वकिलातीत नाताळच्या गाण्यांचा कार्यक्रम होता, सगळ्यांना नटूनथटून तिकडे पळायचं होतं. शेवटी जुळ्या डच पोरांचा ड्रायव्हर आला. दोघांचे हात धरून "घेतलं, घेतलं" म्हणाला आणि हसला.

"आज लवकर सुटलात की हो मिस! नवरा शोधायला जा एखादा."

"एक शोधला होता, तेवढा पुरे झाला," ओतिलिया म्हणाली, आणि तो हसत हसत धुक्यात शिरला.

तिने कोटांच्या खोलीतला दिवा घालवायला हात वर केला, तर बाकावर एक मुलगी बसलेली.

सातआठ वर्षांची असेल. राखाडी कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, हात मांडीवर. त्या शाळेत अनोळखी चेहऱ्याचं कुणाला काही वाटत नसे. आज ओस्लोहून आलेलं पोर सहा महिन्यांनी दोह्याला जायचं, नाव पाठ होईपर्यंत त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असायची.

"अगं बाई, तू राहिलीस होय? नाव काय तुझं?"

"हॅरिएट, मिस."

"न्यायला कोण येणार आहे?"

"आई. वाटेवर आहे." बोलणं अगदी नम्र, शुद्ध इंग्रजी. रोमानियनचा एक शब्द नाही.

ओतिलिया तिच्याजवळ बसली, आणि तिला वास आला. ओल्या लोकरीचा, आणि त्याखाली जुन्या विहिरीत वाकून बघितल्यावर येतो तसला. मुलीचा कोट चिंब भिजलेला होता. पोर सकाळपासून आत आणि बाहेर तर पाऊसही नव्हता. ओतिलियाच्या मनात काहीतरी चरकलं. पण साडेपाच वाजून गेले होते, आणि तिला चिंता वेगळीच होती.

तिने मुख्याध्यापिकेला फोन लावला. बंद. गाण्यांचा कार्यक्रम! मग तिने वॉकीटॉकी उचलला. फाटकावर ग्रिगोरेकाका होते, शाळेचे जुने पहारेकरी.

"काका, एक मूल राहिलंय. बाहेर कुणी बाई थांबलीय का हो?"

"कसलं मूल? गेली की सगळी. ये बाहेर, कुलूप लावतो. बायकोने कोबीच्या पानांत खिमा भरून सारमाळे केलीत, थंड होतील."

"अहो, बसलीय इथे माझ्यासमोर. हॅरिएट म्हणून."

नुसती खरखर ऐकू आली. मग काकांचा आवाज आला, पण तो थट्टेचा राहिला नव्हता.

"पोरी... कोट ओला आहे तिचा?"

ओतिलियाने ठिबकणाऱ्या बाहीकडे पुन्हा पाहिलं. "हो..."

"ऐक. उठ आणि चालायला लाग. तिच्याशी बोलू नकोस, मागे बघू नकोस. मी फाटक उघडून बॅटरी दाखवतो, त्या उजेडाच्या दिशेने सरळ ये. तिला राहू दे तिथेच. तिला काही होत नाही."

ओतिलिया उठली. लहान मुलाला एकटं टाकून जायची तिची पहिलीच वेळ. तरी ती पडवीतून अंगणात उतरली. समोर बॅटरीचा पिवळा ठिपका हलत होता. ती त्याच्याकडे चालत राहिली, खडी पायाखाली करकरत होती. ठिपका मोठा झाला, चौकोनी झाला, आणि तिने हात लावला तेव्हा ते फाटक नव्हतंच. ती कोटांच्या खोलीची काच होती. आत दिवा जळत होता आणि हॅरिएट तिच्याकडे बघत होती.

"काका!" ती वॉकीटॉकीत ओरडली.

"येताना दिसलीस गं... आणि मग दिसेनाशी झालीस. थांब, मीच येतो आत."

तिला त्यांची पावलं ऐकू आली. अंगणात, मग भिंतीपलीकडे, मग चक्क डोक्यावरच्या रिकाम्या वर्गात. "ओतिलिया, ए ओतिलिया," ते हाका मारत होते. ती ओ देत होती आणि त्यांना ती ऐकू जात नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराने गेली, त्याच खोलीत आली. खिडकीतून उडी मारली, गुडघा फुटला, उठून पाहते तो पुन्हा कोटांचे आकडे आणि तोच बाक. आता मात्र ती रडायला लागली. भीतीने तर खरंच, पण त्याहून जास्त घड्याळाकडे बघून.

"काका, मला कसं बाहेर काढाल हो?"

"धीर धर. सकाळी धुकं हटलं की वाट सापडते. पण काही झालं तरी तिचा हात धरू नकोस. तुझ्याआधी इथे मिहाएला होती ना..."

"तिचं काय झालं?"

"तिलाही एक लहान होतं घरी," काका म्हणाले, आणि पुढे नुसती खरखर.

सकाळपर्यंत! ओतिलियाच्या डोळ्यांसमोर कोर्ट आलं, द्रागोशचा इस्त्रीचा शर्ट आला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"सहा वाजले गं बाई," सांदाबाई म्हणाल्या. "मी कोट घातलाय. येतेस, का त्याला बोलावू? घे, पोरीशी बोल."

"आई, सगळे गेले," इलिंका म्हणाली. "मी एकटीच राहिले. तू येतेस ना?"

"येते गं सोन्या, ही निघालेच. सांदाबाईंना सांग, थोडी कळ काढा."

फोन बंद करून ती हॅरिएटसमोर उभी राहिली. ही काय शेवटी एक पोरच ना, तिने स्वतःला समजावलं. भिजलेली, विसरलेली पोर. हिला बरोबर घेऊ, इलिंकाला उचलू आणि हिला पोलिसचौकीत नेऊन बसवू. म्हाताऱ्याचं काय, त्याच्या पोटात दोन घोट गेले की झाडातही सैतान दिसतो. असं ती म्हणाली खरी, पण हात पुढे करताना तिने डोळे मिटून घेतले.

इवलासा हात तिच्या हातात आला. गार, जडशीळ.

"मिस, तुम्ही म्हणालाच नाहीत," हॅरिएट म्हणाली. "तसं म्हणावं लागतं."

ओतिलियाच्या कानांना तो शब्द रोजचाच होता, दिवसातून कितीदा ऐकलेला. तो असा सहज निघून गेला.

"घेतलं."

दार उघडलं तर फाटक समोर, चार पावलांवर. काका तिथेच उभे होते, बॅटरी घेऊन. त्यांनी दोघींकडे पाहिलं आणि छातीवर क्रूस काढला.

"सोड तो हात, पोरी," ते हळूच म्हणाले. "अजून उंबऱ्याच्या आत आहेस. पाया पडतो तुझ्या, सोड."

"इलिंका वाट बघतेय, काका," ओतिलिया म्हणाली, आणि तिने उंबरा ओलांडला.

टॅक्सी लगेच मिळाली. मुलगी तिला टेकून बसली, सीट भिजत होती. ड्रायव्हरने आरशातून बघून म्हटलं, "गुणी आहे हो तुमची पोर. माझी असती तर एव्हाना डोकं खाल्लं असतं!" सिग्नलमागून सिग्नल सुटत होते, आणि तिच्या जिवात जीव येत होता. पोचलो म्हणजे झालं. इलिंकाला कडेवर घेतलं की बाकीचं सगळं निस्तरता येईल.

बालवाडीच्या दारात सांदाबाई कुलूप लावत होत्या; हॅरिएट ओतिलियाचा हात धरून तिच्या पाठीमागे, धुक्यात. ओतिलियाला पाहून हसल्याच त्या.

"अगं, आता कशाला जीव टाकत आलीस? नेलं की तुझ्या पोरीला."

"द्रागोश आला होता?"

"छे गं. तू पाठवलीस ना, ती मैत्रीण. आपलं बोलणं झाल्यावर तूच नाही का परत फोन केलास, 'अडकलेय, मैत्रिणीला पाठवते' म्हणून? तुझा आवाज काय मी ओळखत नाही?"

"मी नाही केला फोन... सांदाबाई, मी नाही केला!"

"असं काय करतेस? इंग्रज बाई, उंच, राखाडी कोटातली, नखशिखांत भिजलेली. मी काय कुणाच्याही हाती पोर देईन? इलिंकाला विचारलं, ओळखतेस का गं. ती तर पळतच सुटली तिच्याकडे. 'आई' म्हणाली तिला. म्हटलं, असेल घरोबा." सांदाबाईंचं हसू आता कमी कमी होत गेलं. "पोरीचा हात हातात घेऊन इंग्रजीत एकच शब्द म्हणाली. मला कुठलं कळायला!"

ओतिलियाला तो शब्द कुणी सांगायची गरज नव्हती. ती वळली आणि रस्त्याकडे धावली. हातातला तो हात सुटेना, ती त्याच्यासकट धावली. रस्ता नव्हता, दिवे नव्हते, चारी बाजूंना नुसतं पांढरं. कुठल्या दिशेला गेली असेल ती बाई? छाती फुटेल अशी ओतिलिया ओरडली.

"इलिंका! इलिंका गं!"

"काय गं, आई?"

आवाज इलिंकाचाच होता. तोच किंचित बोबडा उच्चार, तोच लाडावलेला सूर, आणि अगदी जवळून, तिच्या हाताच्या टोकाशी आला होता.

"ओरडतेस कशाला?" राखाडी कोटातली मुलगी रोमानियनमध्ये म्हणाली. "चल ना घरी, मला भूक लागलीय."

मागे सांदाबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. "हे बघ, तुझ्याजवळच तर आहे की! उगीच घाबरवलंस मला. जा बाई आता, पोर गारठलीय." आणि त्यांनी दाराला कुलूप लावलं.