आकड्यानंतरचा ‘हं’

आधीच सांगतो, मला भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगायची हौस नाही. ही गोष्ट माझ्या सख्ख्या धाकट्या काकाची आहे. काका शिंपी आहे. टेप लावून ज्याचं माप घेता येत नाही ते नसतंच, असं मानणारा माणूस. आमच्या अख्ख्या खानदानात त्याच्याइतका रुक्ष माणूस शोधून सापडणार नाही.

म्हणूनच माझा विश्वास बसला.

आणि ती रात्रही नव्हती. भर दुपार होती. खाली रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या. शेजारचा माणूस भिंतीत खिळे ठोकत होता.

तरीही…

थोरल्या काकांना तो दादा म्हणायचा आणि थोरल्या काकूंना वहिनी. मीही तसंच म्हणतो, म्हणजे घोळ व्हायला नको.

दोघा भावांचं मिळून एकच दुकान. काका गिऱ्हाईकाचं माप घ्यायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा. दादा मागच्या टेबलावर तो लिहून घ्यायचा आणि म्हणायचा, “हं.”

‘हं’ आला की पुढचं माप.

नाही आला, तर आकडा चुकलाय. दादाच्या नजरेला तो पटलेला नाही. मग काका मुकाट्याने टेप पुन्हा लावायचा. आणि दरवेळी दादाचंच बरोबर निघायचं. काका यावर आयुष्यभर चिडत आला.

तरुणपणी दोघांनी एक घरगुती कॉम्प्युटर घेतला होता. एवढासा काळा डबा, वरच कीबोर्ड, टीव्हीला जोडायचा. पुढे लोकांच्या खिशात फोन आले, पण दादाने तो डबा सोडला नाही. दुकानाची बिलंसुद्धा तो त्यावरच करायचा, जुन्या सुयांच्या प्रिंटरवर, करकर आवाज करत. वहिनींना त्या डब्याचा मनस्वी राग. चहा घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “एवढी वर्षं त्यात डोकं घालून बसता, माझ्यासाठी काही निघालं का त्यातून कधी?”

एका दुपारी दादा त्याच डब्यासमोर, खुर्चीतच गेला.

सगळं एका क्षणात झालं. माणसं आली, रडारड झाली, कुणीतरी टीव्ही बंद केला, कुणीतरी डब्यावर फडकं टाकलं. आठवडा गेला. पाहुणे पांगले. वहिनी धूळ पुसायला त्या खोलीत गेल्या आणि फडक्यावर हात ठेवला…

फडकं गरम होतं.

त्यांनी काकाला फोन केला. “भाऊजी, लगेच या. ह्यांचा डबा अजून गरम आहे.”

काका आला. वैतागूनच आला. “वहिनी, तो चालू राहिलाय, दुसरं काय! त्याला ना दिवा ना आवाज, कळणार कसं?” असं म्हणत त्याने टीव्ही लावला.

पडद्यावर चित्र होतं.

काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांनी काढलेलं. एक दार. दारात उभी बाई. हातात कप, कपातून वाफ. ठिपका ठिपका करून दादाने वहिनींना काढलं होतं. कपाळावरची सुटलेली बटसुद्धा सोडली नव्हती.

वहिनी पडद्याजवळ गेल्या. मग म्हणाल्या, “मला हे कागदावर हवंय.”

आता इथून काकाच्या डोक्याला ताप सुरू झाला.

हे चित्र कुठेही साठवलेलं नव्हतं. साठवायचं तर कॅसेटवर, आणि टेपरेकॉर्डरचा पट्टा कधीच तुटला होता. दुसरा टेपरेकॉर्डर मिळेल का, असं काकाने ओळखीत सगळीकडे फोन करून विचारलं. लोक हसले. म्हणजे चित्र फक्त वीज आहे तोवर. आणि त्याच दिवशी जिन्यात कागद लागला होता, की संध्याकाळी पाचला दुरुस्तीसाठी वीज जाणार.

काकाने फोनवर फोटो काढला. पडद्यावर काळे पट्टे आले आणि मधोमध काकाचंच टक्कल चमकलं.

“हे नको,” वहिनी म्हणाल्या. “ह्यांनी काढलंय तेच हवं.”

बरं, छापायचं तर तेही सोपं नाही. प्रिंटरला अक्षरं छापायची सवय, चित्र म्हटलं की घोडं अडायचं. त्याला एकच उपाय होता, मशीन कोड. म्हणजे डब्याच्या पोटातल्या घरांत एकेक करून थेट आकडे भरायचे. ते आकडे एकामागून एक घेतले की डबा स्वतःच पडदा वाचून प्रिंटरकडे पाठवतो. तरुणपणी दोघांनी असले उद्योग पुष्कळ केले होते. काका आकडे काढून मोठ्याने वाचायचा, दादा टाइप करायचा आणि म्हणायचा, “हं.” दुकानातली सवय घरातही.

आता काका एकटा होता.

त्याने कापड बेतायचा खाकी कागद पसरला, पेन्सिल घेतली आणि आठवून आठवून आकडे मांडले. मग टायपिंग. तेही पडद्याच्या तळच्या रिकाम्या ओळीत. प्रत्येक आकड्याला वेगळा हुकूम. त्यात एकदा जरी रिकाम्या ओळीवर एंटरचं बटण दाबलं, तरी पडदा साफ. आणि एखादा आकडा चुकून डबा अडकला, तर बंद करून चालू करण्याशिवाय इलाज नाही. म्हणजे तेव्हाही चित्र गेलंच.

काकाची बोटं जाड. बटणं रबराची, अर्धी झिजलेली. तो दात ओठ खात टाइप करत होता. मध्येच दादावरही चिडला. “पट्टा बदलून घे, पट्टा बदलून घे, किती वेळा सांगितलं! ऐकशील तर शपथ!”

तासाभराने त्याने जीव मुठीत धरून कोड चालवला.

प्रिंटर करकरला. कागद वर आला.

काकाने कपाळावर हात मारला. सगळा कागद चौकोनी चौकोनी तुकड्यांचा होता आणि प्रत्येक तुकडा आडवा पडलेला. वहिनींची बट एकीकडे, तिचं टोक दुसरीकडे. चेक्सचं कापड कुणीतरी आंधळेपणाने कापून जोडावं तसं.

त्याला चूक कळली. पडदा ठिपके आडव्या ओळीत ठेवतो, प्रिंटरच्या सुया मात्र उभ्या रांगेत मारतात. प्रत्येक तुकडा पाव वळसा फिरवायला हवा होता. म्हणजे कोड वाढवा. म्हणजे पुन्हा मांडामांड.

“झालं का हो?” वहिनींनी दारातून विचारलं. हातात चहा होता.

“होतंय!” काका खेकसला. मग ओशाळला. वहिनी कप ठेवून निघून गेल्या.

चार वाजून गेले होते. नजर कागदावरून पडद्यावर, पडद्यावरून कीबोर्डवर, सारखी चुकत होती. म्हणून नकळत, जुन्या सवयीने, तो आकडे मोठ्याने वाचू लागला.

“तेहतीस.”

“हं.”

“शून्य.”

“हं.”

“चौसष्ट.”

“हं.”

काम भराभर होऊ लागलं. काकाला बरं वाटलं. पाचसात आकडे गेले. मग त्याचं बोट बटणावरच थांबलं…

हे ‘हं’ कोण म्हणतंय?

आपणच म्हणत असू, असं त्याला वाटलं. त्याने ओठ घट्ट मिटले आणि नाकाने श्वास घेतला. मग फक्त आकडा म्हटला आणि ओठ पुन्हा मिटले.

“सहा.”

“…हं.”

मागून. पाठीमागच्या रिकाम्या टेबलाच्या मागून, दुकानात जसा यायचा तसाच.

“वहिनी?” काकाने मान न वळवता हाक मारली. “वहिनी, तुम्ही काही म्हणालात का?”

स्वयंपाकघरात नळाचा आवाज नाही. भांड्याचा आवाज नाही. शेजारचे खिळेही थांबले होते.

तेवढ्यात बाहेरच्या दाराची कडी वाजली. वहिनी पिशवी घेऊन आत आल्या. “भाऊजी, मेणबत्त्या आणायला खाली गेले होते. हाक मारलीत का?”

घड्याळ पावणेपाच दाखवत होतं. उठून पळून जावं असं त्याला वाटलं. तो स्वतःच मला म्हणाला, “अरे, पण चित्र जाणार होतं ना! घाबरायलासुद्धा सवड नव्हती. त्याचाच मला जास्त राग आला.”

तो पुढे वाचू लागला. प्रत्येक आकड्यानंतर मागून तोच शांत, थोडा कंटाळलेला ‘हं’ येत होता.

शेवट जवळ आला. कोडला ठिपका फिरवून झाला की मागे उडी मारून पुढचा ठिपका घ्यायचा होता. जितकी घरं मागे जायचं, तितकी दोनशे छप्पन्नातून वजा करून आकडा लिहायचा; तो काकाने मोजून लिहिला होता.

“दोनशे एक्केचाळीस.”

…

काका थांबला.

“दोनशे एक्केचाळीस,” तो जरा मोठ्याने म्हणाला.

…

खोलीत काहीच नाही. फक्त टीव्हीची बारीक शीळ.

काका चिडला. खरंच चिडला. भीतीबिती सगळी विसरून, दुकानात चिडायचा तसा. “अरे बरोबर आहे! मोजलंय मी!”

…

त्याने दातांखाली पेन्सिल धरली, खाकी कागद ओढला आणि घरं पुन्हा मोजली. मोजता मोजता त्याचा चेहरा पडला. उडी मारायच्या हुकुमाची स्वतःची दोन घरं धरायला तो विसरला होता. तरुणपणी हीच चूक तो नेहमी करायचा. तो आकडा भरून कोड चालवला असता, तर उडी भलत्याच घरात पडली असती. डबा अडकला असता, चित्र कायमचं गेलं असतं.

“दोनशे एकोणचाळीस,” तो पुटपुटला.

“हं.”

शेवटचे आकडे कसे भरले ते त्याला आठवत नाही. त्याने कोड चालवला. प्रिंटर करकर करत एकेक पट्टी छापू लागला. दाराची चौकट आली. बट आली. डोळे आले. कप, कपावरची वाफ. वहिनी तोंडावर पदर धरून बघत होत्या. शेवटची पट्टी उमटली, कागद सरकला…

आणि वीज गेली.

पंखा मंदावला. पडद्यावरची दारातली बाई आक्रसत एका ठिपक्यात गेली आणि विझली.

काकाने कागद फाडून वहिनींच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीजवळ नेऊन पाहिला.

“असं कधी उभी राहिले होते मी?”

“रोजच,” काका म्हणाला. “रोजच उभ्या असायचात तुम्ही. आम्हीच मान वर करत नव्हतो.”

वहिनी रडल्या. त्या आठवड्यात पहिल्यांदाच मोकळ्या रडल्या. मग डोळे पुसून, कागद छातीशी धरून, स्वतःची समजूत घालावी तशा म्हणाल्या, “त्यांचं काम राहिलं होतं, ते झालं. आता गेले ते.”

काकाच्या लक्षात आलं, की वहिनी काहीतरी ऐकायला थांबल्यासारख्या उभ्या आहेत. मान किंचित वळवून. टेबलाच्या मागे बघत.

“वहिनी… तुम्हालाही ऐकू येत होतं?”

त्यांनी मान डोलावली. “मला वाटलं, माझ्या तोंडाकडे बघून तुम्ही घाबराल. म्हणून मेणबत्त्यांचं निमित्त केलं आणि बाहेर पडले.”

काका टेबलाकडे वळला. मग जसा आकडा सांगावा, तसा एकेक शब्द स्पष्ट, मोठ्याने म्हणाला, “दादा गेला.”

…

दोघं वाट बघत राहिले.

“दादा गेला,” काका पुन्हा म्हणाला.

…

काहीच आलं नाही.

तो डबा काकाने त्याच संध्याकाळी माळ्यावर टाकला. चित्र वहिनींच्या खोलीत आहे, मी पाहिलंय. सुंदर आहे. पण वहिनी आता चहा करतात तेव्हा दोन कप ओततात, आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही.

काका अजून दुकान चालवतो. मात्र माप मोठ्याने सांगत नाही. मनातल्या मनात घेतो, स्वतःच लिहितो. गिऱ्हाईक त्याला घुम्या म्हणतात.

मी एकदा त्याला समजवायला गेलो. म्हटलं, “काका, ‘हं’ आला नाही म्हणजे उलट चांगलंच झालं की. सुटले ते. आता तिथे कुणी नाही.”

काकाने टेप गळ्यातून काढला. माझ्याकडे बघितलं. त्याची ती जुनी चिडकी नजर.

“तू दुकानात कधी बसला नाहीस,” तो म्हणाला. “‘हं’ आला नाही, तर त्याचा अर्थ एकच असायचा.”

“काय?”

त्याने मागच्या रिकाम्या टेबलाकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

“चुकलंय. पुन्हा मोज.”