सहदेवाची बारव

"तुटला! माय वो, तुटला!"

रुख्मिणीची किंकाळी ऐकून सत्यभामा चुलीपुढून धावत ओसरीवर आली. सात वर्षांची सुभद्रा आईच्या मांडीवर तळमळत होती. तिच्या घोट्यातून निघालेला नारू, तो दोऱ्यासारखा पांढरा लांबलचक किडा, आठ दिवस रोज बोटभर काडीवर गुंडाळत आणला होता, आणि आज तो मधेच तुटून उरलेला आत ओढला गेला होता. तुटलेला नारू पाय घेऊन जातो, हे त्या घरात कुणाला सांगायला नको होतं.

"मोठमाय," तापानं फणफणलेल्या पोरीनं विचारलं, "माह्या पायात कोन राह्यते वो?"

सत्यभामेनं तिचं कपाळ पुसलं. जावेची पोर, पण तिला न्हाऊमाखू घातलं होतं ते तिनंच! आणि त्याच क्षणी तिची नजर सगळ्यांच्या पायांवर फिरली... रुख्मिणीच्या पोटरीवर व्रण, दाराशी उभ्या असलेल्या दिराच्या, शेषरावाच्या, गुडघ्याखाली दोन व्रण, गड्यांच्या पायांवर व्रण. आणि आपले पाय? आपलेच तेवढे निर्मळ कसे?

उत्तर तिला ठाऊक होतं. म्हणूनच ती शहारली.

त्या सालांत वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. सातासमुद्रापलीकडं कुठंशी लढाई जुंपली होती म्हणे, तिकडचा कापूस येईनासा झाला होता, आणि अकोल्याकडं जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग तुटत नव्हती. त्या बरकतीत तिच्या नवऱ्यानं, सहदेवानं, पूर्णाकाठच्या त्या खाऱ्या पाण्याच्या मुलखात गावासाठी बारव बांधली. पायऱ्या उतरून जायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची... असं गोडं पाणी गावानं जन्मात चाखलं नव्हतं! पण शेवटची पायरी बसवताना घडीव चिरा निसटून अंगावर आला, आणि सहदेवानं त्याच पायरीवर, तिच्या मांडीवर, प्राण सोडले.

तेव्हापासून ते पाणी तिच्या घशाखाली उतरलं नव्हतं. ती परसातल्या आडाचं खारट पाणी प्यायची. 'नवऱ्याच्या पुण्याईचं पाणी हिले गोड लागत नाई,' असं बाया पाठीमागं बोलायच्या. त्यांना कसं सांगावं, की तांब्या ओठांशी नेला की त्याचा तो अखेरचा, अडखळलेला श्वास ऐकू येतो... भर दुपारी ओस बारवेवरून जाताना खालून त्याचा खोकला येतो, आणि पाय जागीच थिजतात!

सुभीचा ताप उतरला, पण पाय वाकडा झाला तो झालाच. आणि सत्यभामा डोक्यावर पदर घेऊन घरोघरी फिरू लागली. कुणब्यांच्या आळीत, माळ्यांच्या मळ्यात, मशिदीमागच्या मोहल्ल्यात, महारवाड्याच्या वेशीपर्यंत. कुणाला निघाला? केव्हा? पाणी कुठलं? अंगावर पिणाऱ्या लेकरांत एकालाही नारू नव्हता. चालती पोरं मात्र सर्वांत जास्त. मोहल्ल्यात लोक मशिदीच्या विहिरीतून पोहऱ्यानं पाणी ओढायचे. तिथं कुणालाच नाही. ऐंशी वर्षांची गोदाबाई म्हणाली, "बारव व्हायच्या अगोदर नारू कुठं होता वो एवढा?"

महारवाड्याला तर बारवेची पायरी उतरायचीही मुभा नव्हती. ते नदीच्या वाळूतल्या झिऱ्याचं पाणी प्यायचे. तिथं एकच पाय बांधलेला होता, पुंजारामचा. तिनं पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा तो इकडंतिकडं पाहत म्हणाला, "बारवेचे दगड म्याच वाह्यले, बाई. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी कोनी नव्हतं... तहान आवरली नाई. दोन ओंजळी पेलो. कोनाले सांगू नका, मारून टाकतीन मले!"

"नाई सांगत," ती म्हणाली.

शेषराव नऊ वर्षांचा असल्यापासून तिच्या पदराखाली वाढलेला. त्याच्यापुढं तिनं हात जोडले. "भाऊजी, बारवेच्या पायऱ्या उखडा. वरून रहाट बसवा. दुखरा पाय त्या पाण्यात पडते, अन् तेच पानी आपन पेतो. नारू तिथूनच येते."

तो पांढराफटक पडला. "दादाचा जीव ज्या पायरीवर गेला, ते उखडू? वैनी, तुमी बोलून काय राह्यल्या!"

"माह्याच कुंकवाची पायरी हाय ते..."

"अन् पुंजाराम? त्यानं कदी पाय ठेवला बारवेत? त्याले कसा निंगाला?"

सारी ओसरी तिच्या तोंडाकडं पाहत होती. त्या दोन ओंजळी... एक शब्द पुरेसा होता! सत्यभामेनं मान खाली घातली.

"पाह्य! बोलाले तोंड नाई. दादाच्या पान्यात इख कालवून राह्यल्या तुमी!"

"मग एक करा," ती सावकाश म्हणाली. "आजपासून घरानं आडाचं खारं पानी प्यावं. बारवेचं मी एकटी पेईन. माह्या पायाले काही झालं नाई, तं या घरात पुन्हा दिसनार नाई मी."

शेषराव तरातरा बाहेर निघून गेला. पण त्या संध्याकाळी रुख्मिणीनं बारवेची घागर अंगणात उपडी केली आणि आडाचं पाणी भरून आणलं.

दुसऱ्या दिवशी सत्यभामा तीन वर्षांत पहिल्यांदा शेवटच्या पायरीवर उतरली. पाणी गार होतं. तिनं डोळे मिटले, ओंजळ भरली... आणि कानाशी तो श्वास आला! "रागावू नका," ती पुटपुटली आणि प्याली. रोज प्याली. रोज तो यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात घरातल्या साऱ्यांनाच नारू निघाला, तिलाही. शेषराव कडवट हसला. पण सत्यभामेला उमगलं, की हे मागल्या सालच्या पाण्याचं फळ. पुंजारामला नाही का दोन ओंजळींनंतर सालभरानं निघाला? नारू साल-सालभर अंगात दडून बसतो. "आनखी एक साल," तिनं रुख्मिणीला विनवलं. त्या सालभर शेषराव तिच्याशी एक शब्द बोलला नाही. ज्यांना भरवून मोठं केलं, त्यांनी ताटावरून उठून जावं... तिनं तेही सोसलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात लढाई संपली होती, भाव कोसळले होते, आणि गावातले निम्मे पाय बांधलेले होते. शेषरावाच्या घरात मात्र एकाही पायाला दोरा नव्हता. एकटी सत्यभामा परसात कोसळली तेव्हा रुख्मिणीनं तिचं लुगडं वर सारलं... डाव्या पायात तीन, उजव्यात दोन!

शेषराव तिच्या पायांशी बसला. काडी त्यानं स्वतः हातात घेतली. दोरा तुटू नये म्हणून श्वास रोखून गुंडाळताना त्याचे डोळे वाहत होते. त्यानं हळूच विचारलं, "पुंजारामनंबी पेलं होतं ते पानी... हो ना, वैनी?"

"त्याले काही करान, तं माह्या अंगाले हात लावू नका."

"नाई करत. पन तवा बोलल्या असत्या, तं हे पाय..."

"तो राह्यला नसता, भाऊजी."

"माय!" शेषरावाच्या तोंडून शब्द फुटला, आणि त्यानं तिच्या पावलांवर डोकं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहार घेऊन तो बारवेत उतरला. पहिला घाव त्यानं शेवटच्या पायरीवर घातला. सत्यभामेला बाजेवर उचलून काठाशी आणलं होतं. प्रत्येक घावासरशी ती दचकत होती, पण तिनं नजर वळवली नाही.

तिचे पाय पुन्हा सरळ झाले नाहीत. पण दर्यापूरच्या वाटेवरल्या एका गावात निम्मी माणसं लंगडतात असं कळलं, तेव्हा शेषरावानं स्वतःहून दमणी जुंपली, बैठकीवर गोधडी अंथरली आणि तिला उचलून बसवलं.

त्या गावची बारव मोठी देखणी होती. काठाशी एक म्हातारी घागर विसाव्याच्या दगडावर टेकवून बसली होती. पोटरीला चिंधी बांधलेली.

"माय," सत्यभामेनं दमणीतून विचारलं, "ही बारव कोनं बांधली?"

म्हातारीचा सुरकुतला चेहरा उजळून निघाला. "माह्या लेकानं, बाई! एकुलता एक होता. त्याच्यामागं हेच राह्यलं मले."

शेषरावानं मान फिरवली. सत्यभामेच्या ओठांवर आलेलं पायऱ्या उखडायचं बोलणं तसंच विरून गेलं. तिनं त्या पायऱ्यांकडं पाहिलं... मग तिनं दिराचा हात धरला.

"मले खाली उतरवा, भाऊजी. आधी या माउलीपाशी घडीभर बसू द्या."